सीपीयू बदलायचाय? कुठला?

आपल्याकडे एक गंमत आहे. समोरच्या स्क्रीनला आपण ‘कॉम्प्युटर’ म्हणतो आणि टेबलाखाली पायाशी धूळ खात बसलेल्या पत्र्याच्या डब्याला ‘सीपीयू’. शाळेच्या लॅबमधल्या तक्त्यावरही बाण काढून तसंच लिहिलेलं असायचं. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, त्या डब्याच्या पोटात असतो. मारी बिस्किटापेक्षा लहान, चौकोनी, आणि डोक्यावर पंखा घेऊन बसलेला. बाकी अख्खा डबा म्हणजे त्याचा संसार!

आता हा शब्दांचा घोळ एरवी बिनखर्चाचा. पण दुकानात जाऊन ‘सीपीयू स्लो झालाय, बदलायचाय’ म्हणून बघा. समोरचा माणूस बिस्किटाची किंमत सांगत नाही, संसाराची सांगतो.

माझ्या मावसबहिणीचं नेमकं हेच झालं. डिसेंबर २०२५ची गोष्ट. ताई डोंबिवलीत राहते आणि घरून ऑडिओबुक्सचं एडिटिंग करते. कुणीतरी स्टुडिओत बसून तासन्‌तास पुस्तक वाचतं. त्यातले श्वास, अडखळणं, खुर्चीची करकर, एसीची घरघर काढून टाकायची आणि ते कानाला गोड लागेल असं करून द्यायचं. पैसे मिळतात तयार तासाचे. म्हणजे पुस्तक आठ तासांचं झालं तर आठ तासांचे. ते आठ तास घडवायला तुम्ही तीस तास घालवले की पन्नास, हे कुणी विचारत नाही. मार्चमध्ये तिनं नोकरी सोडून हे पूर्णवेळ सुरू केलं होतं, आणि फ्लॅटचा हप्ता काही नोकरीबरोबर सुटला नव्हता. त्यामुळे मशीन हळू चालणं म्हणजे पगार कापला जाणं, इतकं सरळ गणित.

मशीन कुठलं? दिवाळी २०१८ला असेम्बल केलेला डेस्कटॉप. एएमडीचा रायझन ३ २२००जी, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि लॉकडाउनमध्ये टाकलेली एसएसडी. ताईनं एका दुकानात फोन केला, ‘सीपीयू बदलायचाय’ हे जादूचे शब्द उच्चारले आणि अर्ध्या तासात व्हॉट्सअॅपवर कोटेशन हजर. ₹६८,०००! शिवाय ‘बारा हप्त्यांत करून देऊ’. वर मौलिक सल्ला : ‘मॅडम, विंडोज टेन बंद झालंय, तुमचं मशीन इलेव्हन घेत नाही, आता ते भंगारच समजा.’

पैशापेक्षा तो शेवटचा शब्द तिला लागला. मला फोन करून म्हणाली, “अगं, सात वर्षांत भंगार? आईचा मिक्सर बावीस वर्षं चालतोय!”

दुकानदार धादांत खोटं बोलत नव्हता, हे आधी मान्य करू. विंडोज १०चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी जी जादा सुरक्षा-अपडेट्सची सोय त्या वेळी जाहीर झाली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ठरली होती. आणि विंडोज ११ला मायक्रोसॉफ्टनं पहिल्यापासून अटी घातल्यात. टीपीएम २.० पाहिजे, सिक्युअर बूट पाहिजे आणि प्रोसेसर त्यांच्या यादीत पाहिजे. इंटेलमध्ये ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते, एएमडीत रायझन २०००पासून.

मग २२००जी आत का नाही? नावात २००० तर आहे! तर इथे नावानं गंडवलंय. फेब्रुवारी २०१८मध्ये आलेल्या या चिपचं नाव दुसऱ्या पिढीचं, पण आतला सांगाडा पहिल्या पिढीचा. रेसिपी जुनी, पाकीट नवं. मायक्रोसॉफ्टनं पाकीट फोडून बघितलं आणि बाहेर ठेवलं. तिचा मोठा भाऊ २४००जी, त्याचीही तीच गत. म्हणून मंडळी, प्रोसेसरच्या नावातल्या पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवून कधीही पाकीट काढू नका. मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ नावाचं छोटं फुकट अॅप आहे, ते चालवा. दोन मिनिटांत कळतं की अडलंय कुठे.

आता यादीत नसलेल्या मशीनवरही विंडोज ११ चढवायचे जुगाड आहेत, आणि ते चालतातही. पण पुढचे अपडेट्स मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. सिनेमे बघायच्या मशीनवर हा खेळ मी बिनधास्त खेळेन. ज्या मशीनवर घराचा हप्ता निघतो, त्यावर नाही.

तरी रविवारी मी डोंबिवलीला गेले ते ‘प्रोसेसर बदलू या’ असं ठरवून नाही. कारण स्लो मशीनच्या दहा तक्रारी ऐकल्या, तर त्यातल्या बऱ्याच प्रोसेसरच्या नसतात. अजूनही कित्येक घरांत विंडोज जुन्या गरगरत्या हार्डडिस्कवर चालतंय, आणि तिथे जगातला सगळ्यात भारी प्रोसेसर लावलात तरी तो हार्डडिस्कची वाट बघत बसणार. तिथे पहिला पैसा एसएसडीवर. आठ जीबी रॅम आणि क्रोमचे चाळीस टॅब असतील तर दुसरा पैसा रॅमवर. प्रोसेसर तिसरा.

हे ओळखायला इंजिनीअर लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’वर जा आणि मग तेच काम सुरू करा, जे करताना मशीन रडतं. रिकाम्या मशीनकडे बघून काही कळत नाही, डॉक्टरकडे ताप उतरल्यावर जाण्यासारखं आहे ते. ताईनं एक तासाची फाइल घेतली, आवाज साफ करणारे तिचे नेहमीचे प्लगइन लावले आणि एक्स्पोर्ट दाबलं. डिस्क निवांत. रॅम निम्मी. प्रोसेसर मात्र १०० टक्क्यांवर जो चढला तो शेवटपर्यंत खाली आला नाही. २२ मिनिटं! तेवढ्यात मावशीनं कांदेपोहे केले, आम्ही ते खाल्ले, चहा झाला, तरी तो एक्स्पोर्ट चालूच. “हे रोज असं,” ताई म्हणाली, “आणि नंतर एक श्वास राहिलेला दिसला की पुन्हा बावीस मिनिटं.”

म्हणजे निदान पक्कं. चार कोअर, चार थ्रेड, आणि सगळे घामाघूम.

इथून पुढचा प्रश्न प्रोसेसरला विचारायचाच नसतो. तो मदरबोर्डला विचारायचा. कारण प्रोसेसर बसतो सॉकेटमध्ये, आणि सॉकेट बदलला की मदरबोर्ड बदलला, मदरबोर्ड बदलला की बहुतेक वेळा रॅम बदलली, आणि मग झालीच की तुमची ६८ हजारांची यादी! विंडोजच्या सर्चमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ टाइप करा. ‘बेसबोर्ड’पुढे मदरबोर्डचं नाव आणि ‘बायोस व्हर्जन’पुढे तारीख दिसेल. ते नाव घेऊन बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर जा आणि ‘सीपीयू सपोर्ट’ची यादी उघडा. कुठला प्रोसेसर चालेल आणि त्यासाठी कुठल्या नंबरचं बायोस लागेल, दोन्ही तिथे छापलेलं असतं. दुकानदाराचं मत, कलीगचं मत, माझंसुद्धा मत... सगळं त्या यादीनंतर.

ताईचं नशीब असं, की तिचा बोर्ड एएम४ सॉकेटचा. हा सॉकेट २०१६ला आला आणि त्यासाठी २०२४मध्येही नवे प्रोसेसर निघाले. कॉम्प्युटरच्या दुनियेत हे म्हणजे शतायुषीच. पण हे दीर्घायुष्य सहजासहजी मिळालेलं नाही हं. मे २०२०मध्ये एएमडीनं जाहीर केलं होतं की पुढचे प्रोसेसर बी४५०सारख्या बोर्डांवर चालणार नाहीत. बोर्डवर ज्या चिमुकल्या चिपमध्ये बायोस राहतं, ती अनेक बोर्डांवर जेमतेम १६ मेगाबाइटची; तिच्यात इतक्या पिढ्या मावत नाहीत, हे कारण. लोक असे काही भडकले की त्याच महिन्यात कंपनीनं निर्णय फिरवला. २०२२मध्ये तर त्याहून जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही परवानगी मिळाली. ग्राहकांनी आरडाओरडा केला आणि फायदा झाला, अशी उदाहरणं या धंद्यात कमीच. डोंबिवलीतल्या एका बेडरूममधलं मशीन त्या आरडाओरड्यामुळे वाचलं, असं म्हणायला माझी हरकत नाही.

इंटेलवाल्यांचं दुखणं वेगळं. तिथे सॉकेट दर दोनएक पिढ्यांनी बदलत आलाय, आणि कधी कधी न बदलताही बदललाय! २०१७च्या शेवटी आठवी पिढी आली तेव्हा सॉकेटवरचे ठिपके तेवढेच, ११५१. प्रोसेसर जुन्या बोर्डमध्ये चपखल बसतो, पण मशीन सुरू होत नाही. त्याला ३०० मालिकेचा बोर्डच लागतो. त्यामुळे तुमच्याकडे २०१६-१७चा आय३ असेल तर जास्तीत जास्त सातव्या पिढीच्या आय७पर्यंत जाता येतं, तेही सेकंडहँड. आणि तो आय७ कितीही पळाला तरी विंडोज ११च्या यादीत तो नाही. म्हणजे पैसे घालून पुन्हा दारातच उभं राहायचं. लिनक्स वापरणार असाल तर बेलाशक घ्या. नाहीतर ते पैसे नव्या मशीनसाठी बाजूला टाका, असं मी स्पष्ट सांगेन.

आठव्या-नवव्या पिढीचा बोर्ड असेल तर मजा आहे. आय३ काढून सहा-आठ कोअरचा सेकंडहँड प्रोसेसर टाकता येतो. बाराव्या पिढीचा बोर्ड असेल तर चौदाव्यापर्यंत रस्ता मोकळा, बायोस अपडेट करून. फक्त तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे आय७-आय९ सेकंडहँड घेताना जपून. त्यातल्या काहींना जास्त व्होल्टेजमुळे कायमचं दुखणं लागत होतं, आणि इंटेलनं ऑगस्ट-सप्टेंबर २०२४मध्ये त्यावर मायक्रोकोडचे उपाय काढले, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. आधीच्या मालकानं तो उपाय लावला होता का, हे प्रोसेसरच्या तोंडावर लिहिलेलं नसतं.

असो. ताईच्या बोर्डच्या यादीत रायझन ५०००चे बरेच जण होते. रायझन ५ ५६०० की ५६००जी? वाचायला एका अक्षराचा फरक. पण हे ‘जी’ अक्षर म्हणजे पोटातलं ग्राफिक्स. ताईच्या मशीनला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मॉनिटर थेट मदरबोर्डला जोडलेला. जुन्या २२००जीमध्ये ग्राफिक्स होतं म्हणून ते चाललं. साधा ५६०० लावला असता तर मशीन सुरू झालं असतं, पंखे फिरले असते आणि स्क्रीन काळीकुट्ट राहिली असती. गेमिंगवाल्यांसाठी साधा ५६०० जास्त चांगला, त्यात ३२ एमबी एल३ कॅश आहे, जीमध्ये निम्मी. पण ज्याच्याकडे कार्डच नाही त्यानं जी किंवा २०२४ला आलेला ५६००जीटी घ्यायचा. सहा कोअर, बारा थ्रेड आणि वीज जुन्याइतकीच, ६५ वॅटचा वर्ग. त्यामुळे एसएमपीएस बदलायची गरज नाही.

सोमवारी लॅमिंग्टन रोड! ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरायचं आणि चालत सुटायचं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असलं तरी रिक्षावाल्यापासून होलसेलरपर्यंत सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. (साउथ बॉम्बेत रिक्षा नसते, हे मला माहितीये. कल्याणहून येणारा माल कुणाबरोबर येतो ते विचारा!) दोन मुली प्रोसेसर मागायला आल्या की काउंटरमागचा माणूस अजूनही एकदा आपल्या खांद्यावरून मागे बघतो, बरोबरचा पुरुष कुठाय म्हणून. मग विचारतो, “भावासाठी का?” ताई शांतपणे म्हणाली, “नाही, धंद्यासाठी.” त्यानंतर भाव जरा खाली आला, ही माझी समजूतही असेल.

तिसऱ्या दुकानात अपेक्षेप्रमाणे झालं. “५६००जी नहीं है, ५६०० ले जाओ, सेम टू सेम, सस्ता भी है.” सेम टू सेम! याच वाक्यावर किती जणांच्या स्क्रीन काळ्या झाल्या असतील देव जाणे. पाचव्या दुकानात सीलबंद जी मिळाला. तिथेही पुढचा पेच : ‘ट्रे’मधला घ्यायचा की बॉक्सवाला? ट्रे म्हणजे कंपन्यांना घाऊक जाणारा सुटा माल. कूलर नाही, आणि वॉरंटी बहुतेक वेळा दुकानदाराच्या शब्दाची. बॉक्सवाल्यावर तीन वर्षं कंपनीची, आणि कूलर आत. ‘बिल लागेल का?’ हाही प्रश्न आलाच. लागेल म्हटलं की १८ टक्के जीएसटी. ज्या वस्तूची वॉरंटी वापरायची वेळ येऊ शकते तिचं बिल घ्यायचं, बस. ₹११,८०० झाले.

तिथंच एका यादीवर रॅमचे भाव दिसले आणि ६८ हजारांचं कोडंही सुटलं. २०२५च्या शेवटी रॅम भयंकर महागली. एआयच्या डेटा सेंटर्ससाठी लागणाऱ्या मेमरीत जास्त नफा, म्हणून कारखान्यांनी आपली ताकद तिकडे वळवली. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉननं तर आपल्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकांसाठीचा ‘क्रुशल’ हा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नवं मशीन म्हणजे नवी डीडीआर५ रॅम, आणि तिथंच बिल फुगतं. ताईच्या डब्यातल्या १६ जीबी डीडीआर४ला तिनं २०१८मध्ये जे दिलं ते दिलं. आता ती वसूल होत होती.

खरी टरकते ती पुढची पायरी. बायोस. हे अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचं. आधी नवा लावलात तर बोर्ड त्याला ओळखतच नाही, आणि तुम्ही पुन्हा सगळं उलटं उघडत बसता. (काही बोर्डांवर प्रोसेसरशिवाय बायोस भरायचं बटण असतं, ताईच्या बोर्डवर नव्हतं.) फाइल कंपनीच्या साइटवरून, आपल्या बोर्डच्या नेमक्या नावाची, रिव्हिजन नंबरसकट. फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर. आणि मधे वीज जाता कामा नये, नाहीतर बोर्ड गेला. उन्हाळ्यात उपनगरांत हे काम करणाऱ्याला माझा दंडवत! डिसेंबर होता, यूपीएसची बॅटरी नवी होती, तरी रात्री अकराला त्या टक्केवारीच्या पट्टीकडे बघताना आम्ही दोघी गप्प. मावशीनं फ्रीजचं दार उघडलं तर ताई ओरडली, “आई, काही चालू-बंद करू नकोस!”

व्हर्जन निवडताना २०२२च्या मध्यानंतरचं घ्या, हे विशेषतः आवाजाचं काम करणाऱ्यांना सांगणं. विंडोज ११साठी जो टीपीएम लागतो तो या प्रोसेसरमध्येच असतो, बायोसमधून चालू करायचा. पण मार्च २०२२मध्ये एएमडीनं मान्य केलं होतं की त्यामुळे मशीन मधूनच क्षणभर अडखळतं. दुरुस्ती त्या वर्षीच्या मेपासून नव्या बायोसमध्ये यायला लागली. गेमरला तो अडखळा त्रासदायक. ताईसाठी तो थेट रेकॉर्डिंगमधला खड्डा ठरला असता.

बायोसआधी अजून दोन कामं, दोन्ही कंटाळवाणी, दोन्ही अत्यावश्यक. एक, डिस्कवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा. असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या किंवा ते बंद करा. प्रोसेसर बदलला की त्याच्यातला टीपीएमही बदलतो, आणि मग विंडोज ती की मागतं. नसेल तर तुमचाच डेटा तुमच्यासाठी कुलूपबंद. दोन, ज्या सॉफ्टवेअरची लायसन्स मशीनच्या ओळखीला बांधलेली असतात, ती आधी डीअॅक्टिव्हेट करा. ताईनं तिचे सगळे प्लगइन एकेक करून सोडवले. अख्ख्या पुस्तकांचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला. त्यात प्रोसेसर बदलायला लागला त्याच्या चौपट वेळ गेला.

आणि आता बदलाबदली. एएम४च्या प्रोसेसरला पोटाखाली १३३१ सोनेरी पाय असतात, केसापेक्षा थोडे जाड. सात वर्षांत मधली थर्मल पेस्ट वाळून डिंक झालेली असते. कूलर सरळ वर ओढलात की प्रोसेसर त्याला चिकटून, बंद सॉकेटमधून उपटून बाहेर येतो आणि पाय वाकतात. म्हणून आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवायचं, पेस्ट मऊ होऊ द्यायची. मग बंद करून, वायर काढून, डबा आडवा ठेवायचा. कूलरचे चार स्क्रू आळीपाळीनं, तिरपे, थोडे थोडे सैल करायचे. आणि कूलर उचलायचा नाही, आधी डावी-उजवीकडे हळूच पिळायचा. लोणच्याच्या बरणीचं झाकण जसं सुटतं, तसं एक ‘च्युक’ होतं. मग उचला.

ताईनंच पिळलं. माझा आग्रह होता, तिचं मशीन आहे.

त्यानंतरचं अगदी पोरखेळ. सॉकेटच्या बाजूचा दांडा वर, जुना प्रोसेसर कडेनं धरून बाहेर, नव्याच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि सोडून द्यायचा. दाबायचं नाही! बरोबर असेल तर तो स्वतःच्या वजनानं बसतो. दांडा खाली. नव्या कूलरला पेस्ट लावलेलीच असते, तिला बोट लावायचं नाही, फोटोसाठीसुद्धा. चार स्क्रू पुन्हा तिरपे. पंख्याची वायर जोडायची. बारा मिनिटं लागली, त्यातली चार धूळ पुसण्यात.

पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन बराच वेळ काळी राहते. रॅमची नवी ओळखपाळख चाललेली असते. घाबरून बटण दाबू नका. मग इंग्रजीत एक दमदाटी येते, की नवा सीपीयू दिसतोय, जुनी टीपीएमची माहिती पुसू का? की लिहून घेतलीये ना? मग ‘वाय’ दाबा. ताईनं दाबलं, आणि तिचा नेहमीचा वॉलपेपर आला. फाइल्स जागेवर, विंडोज अॅक्टिव्हेटेड. ते बहुतेक वेळा मदरबोर्डशी बांधलेलं असतं, म्हणून नुसता प्रोसेसर बदलल्यानं सहसा बिघडत नाही. पीसी हेल्थ चेक या वेळी हिरवा. दुसऱ्या दिवशी विंडोज ११ चढलं.

तीच एक तासाची फाइल, तेच प्लगइन. आठ मिनिटं आणि काही सेकंद.

पण ताईला आकड्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं अप्रूप. आधी आवाज साफ करणारा प्लगइन चालू ठेवून ऐकता येत नव्हतं, अडखळायचं. म्हणून आधी एक्स्पोर्ट, मग ऐकणं, मग चूक सापडणं, मग पुन्हा एक्स्पोर्ट. आता ती ऐकता ऐकताच दुरुस्त करते. महिन्याला चार पुस्तकांची ती सहा घेईल, असं मी म्हटलं. ती म्हणाली, “नाही गं, चारच घेणार. रात्री दहाला मशीन बंद करणार.”

सगळ्यांना हा मार्ग लागू नाही, हेही खरंच. ब्रँडेड ऑफिस डेस्कटॉप असेल तर बायोस कंपनीच्या मर्जीवर. सॉकेट तोच असला तरी ते नवा प्रोसेसर स्वीकारेलच असं नाही. बोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले, तर अकरा हजारांचा प्रोसेसर त्यावर बसवायचा नाही. आणि फोर-के व्हिडिओचं काम असेल तर ग्राफिक्स कार्डचा विचार आधी.

काढलेला २२००जी ताईनं नव्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून कपाटात ठेवलाय. महिनाभर ठेवच, असं मीच सांगितलं. नव्यात काही निघालं तर मशीन बंद पडायला नको. नंतर विकताही येईल. पोटात ग्राफिक्स असल्यामुळे बिलिंगच्या मशीनसाठी त्याला अजून गिऱ्हाईक आहे. तिनं लगेच पुढचा प्रश्न टाकला, “मग रॅम बत्तीस करू का?” टास्क मॅनेजर उघडून दाखवला. सोळातली नऊ जीबी भरलेली. या भावात तर अजिबात नको.